मदत हवी आहे: अ‍ॅड्रेनॅलिनचं इंजेक्शन अकरावीतल्या मुलाने रोज जवळ कसं ठेवायचं? (कोल्हापूर)

कळंबेकर
मुलगा १६ वर्षांचा, वजन ४९ किलो. शेंगदाणा आणि काजू दोन्हींची तीव्र अ‍ॅलर्जी, जोडीला दमा. डॉक्टरांनी अ‍ॅड्रेनॅलिनच्या १ मिलीच्या अ‍ॅम्प्यूल (औषधाच्या बंद काचेच्या कुप्या) लिहून दिल्यात. डोस ०.५ मिली मांडीत, फरक पडला नाही तर ५ मिनिटांनी दुसरा. कसं टोचायचं ते दाखवलंय. अडलंय ते पुढचं:

१) परदेशात पेनसारखं ऑटोइंजेक्टर असतं म्हणे. इथल्या मेडिकलमध्ये कुणाकडे नाही. मग अ‍ॅम्प्यूल, सिरिंज, सुई हा पसारा पोरगं सांभाळणार कसं?
२) सकाळी क्लास, दुपारी कॉलेज, संध्याकाळी फुटबॉल. किट सॅकमध्ये, सॅक वर्गात आणि हा कँटीनला.
३) एप्रिल-मे मध्ये औषध खराब होतं का? फ्रीजमध्ये ठेवू का?
४) जुलैत पन्हाळा ते पावनखिंड पदभ्रमंतीला जायचं म्हणतोय.

घरच्या जेवणाचं आम्ही बघतो. कूट कशाकशात असतं याची यादी नको, ती पाठ आहे.

गंगावेस_फार्मसी
आधी दुकानातल्या चुका सांगतो, कारण त्या घरी आल्यावर कळत नाहीत.

अ‍ॅम्प्यूलवर १ मिलीत १ मिग्रॅ असं लिहिलेलं हवं. जुन्या भाषेत १:१०००. सोबत 'बायटार्ट्रेट १.८ मिग्रॅ' असा आकडा दिसला तर घाबरू नका, तो क्षाराचा आकडा आहे, त्यात अ‍ॅड्रेनॅलिन १ मिग्रॅच असतं. मात्र नावाच्या आधी 'नॉर' आहे का ते बघा. नॉरअ‍ॅड्रेनॅलिन वेगळं औषध, ते आयसीयूत सलाइनमधून देतात. खोकं सारखं, काचही सारखी.

दुसरी चूक सिरिंजची. १ मिलीची मागितली की इन्सुलिनची हातात पडते. तिच्यावर मिली नसतात, युनिट असतात, आणि आपल्याकडे ४० आणि १०० असे दोन प्रकार विकले जातात. १०० वालीत ५० युनिट म्हणजे ०.५ मिली. ४० वालीत ०.५ मिली म्हणजे फक्त २० युनिट. गडबडीत कोण हिशेब करणार? शिवाय तिची सुई इतकी आखूड असते की औषध कातडीखालच्या चरबीतच राहतं. स्नायूत गेलं तरच ते रक्तात लवकर पोचतं.

सरळ २ मिलीची साधी सिरिंज घ्या, २४ नंबरची १ इंची सुई. तिच्यावर ०.१ मिलीच्या रेघा असतात, ०.५ म्हणजे पाच रेघा.

ऑटोइंजेक्टर स्वतःसाठी बाहेरून मागवता येतं. औषध नियमांत फॉर्म १२-ए चा अर्ज आणि १२-बी चा परवाना आहे, डॉक्टरांची चिठ्ठी लागते. पण त्याची मुदत साधारण वर्ष-दीड वर्षाची, त्यातली निम्मी वाटेतच संपलेली असू शकते. आणि नेहमीच्या मोठ्या पेनमध्ये ०.३ मिग्रॅ असतं. तुम्हाला ०.५ मिली म्हणजे ०.५ मिग्रॅ लिहिलंय, तेव्हा डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदल नको.

आपत्कक्ष_सिस्टर
गंगावेस यांच्याशी सहमत. पुढचा मुद्दा असा, की नुसती अ‍ॅम्प्यूल खिशात असणं म्हणजे औषध जवळ असणं नव्हे. २००१ मध्ये कॅनडात पालकांना अ‍ॅम्प्यूलमधून तान्ह्या बाळाचा डोस भरायला लावला होता. सरासरी १४२ सेकंद लागले, आणि भरलेला डोस कुणाचा कमी, कुणाचा भलताच जास्त. ते तर शांतपणे टेबलावर बसून भरत होते. तुमच्या मुलाचे हात त्या वेळी थरथरत असणार.

म्हणून डॉक्टरांशी बोलून सिरिंज आधीच भरून ठेवायची पद्धत ठरवा. मोजमाप घरी, शांतपणे, आधी. त्या क्षणी करायचं काम एकच: टोपण काढा, टोचा, दट्ट्या शेवटपर्यंत दाबा.

भरण्याची रीत: हात साबणाने धुवा. अ‍ॅम्प्यूलच्या डोक्यात अडकलेलं औषध टिचकी मारून खाली आणा. मानेवरचा ठिपका आपल्याकडे ठेवा, कापसाने मान धरून डोकं ठिपक्यापासून लांबच्या दिशेला मोडा. औषध ओढा, सुई वर करून हवा काढा, सुईच्या टोकाशी थेंब दिसला की दट्ट्या ०.५ वर आणा. त्यानंतर सुई बदलू नका. बदललीत तर नवी सुई रिकामी असते, तेवढं औषध तिच्यातच राहतं आणि डोस कमी पडतो. या भरण्याचा पहिला पाठ दवाखान्यात, त्यांच्या नजरेखाली घ्या.

अशा दोन भरा. एकच कधीही ठेवू नका. प्रत्येकीवर चिकटपट्टीने नाव, डोस, भरल्याची तारीख, बदलायची तारीख. सुईचं टोपण चिकटवू नका, सोडवताना नखं लागतात.

राजारामपुरी_राजा
एवढा खटाटोप कशाला? अ‍ॅव्हिल आणि डेक्सोना ठेवा की. कुठलाही दवाखाना तेच देतो.

आपत्कक्ष_सिस्टर
राजाभाऊ, हाच गैरसमज महागात पडतो. अ‍ॅव्हिल, सेट्रिझिन या अँटिहिस्टॅमिन औषधांनी खाज आणि गांधी कमी होतात. घशाची सूज, आवळलेली छाती, पडलेला रक्तदाब यांना ती हात लावत नाहीत. डेक्सोना या स्टेरॉइडचा परिणाम दिसायला तास जातात. अ‍ॅड्रेनॅलिन रक्तवाहिन्या आवळतं, श्वासनलिका मोकळी करतं, सूज उतरवतं, आणि ते मिनिटांत. बाकीची औषधं नंतर, दवाखान्यात.

घाईचं कारणही सांगते. ब्रिटनमध्ये अशा मृत्यूंची पाहणी झाली, तेव्हा अन्नाच्या अ‍ॅलर्जीत हृदय बंद पडायला साधारण ३० मिनिटं लागल्याचं दिसलं, मधमाशी-गांधीलमाशीच्या दंशात १५. पन्हाळ्याहून सीपीआरला (कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयात) यायचं म्हणजे २० किमी. पायथ्याला गर्दी असली की हिशेब तुम्हीच करा.

कळंबेकर
सिस्टर, टोचायचं नक्की कधी? नुसत्या गांधी उठल्या तरी?

आपत्कक्ष_सिस्टर
डॉक्टरांनी लिहून दिलेला आराखडा पहिला. तो नसेल तर मागून घ्या, मराठीत, फोटोसह, सहीनिशी. साधारण नियम असा: नुसत्या गांधी, ओठाला खाज, तर अँटिहिस्टॅमिन आणि नजर ठेवा. पण आवाज बसला, घसा धरला, गिळता येईना, सारखा खोकला, छातीत शिट्टी, चक्कर, पांढराफटक पडला, यातलं एकही आलं तर टोचा. गांधींसोबत सारख्या ओकाऱ्या किंवा पोटात मुरडा असेल तरी टोचा. गांधी आल्याच पाहिजेत असं नाही.

तुमच्या मुलाला दमा आहे म्हणून एक खास गोष्ट. बाहेर काही खाल्ल्यावर अचानक धाप लागली तर पोरं आधी दम्याचा पंप काढतात. क्रम उलटा हवा. आधी मांडीत अ‍ॅड्रेनॅलिन, मग पंप. पंप घशाची सूज उतरवत नाही.

शंका असेल तर टोचा. विनाकारण टोचलं गेलं तर धडधड, हात थरथरणं, डोकेदुखी होते आणि थोड्या वेळात ओसरते.

जागा: कंबर आणि गुडघ्याच्या मधोमध, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, सुई काटकोनात पूर्ण आत. पातळ पॅंटवरून चालतं; खिसा आणि जाड शिवण चुकवा. नितंबात नाही, शिरेत तर मुळीच नाही. वेळ लिहा. त्याला आडवं झोपवा, पाय उंच. धाप असेल तर बसवा, पण पाय लांब पसरलेले. उलटी होत असेल तर कुशीवर. उभं करून जिन्यावरून चालवत नेणं सगळ्यात वाईट, रक्तदाब एकदम कोसळतो. मोपेडवर दोघांच्या मध्ये बसवून नेण्याचा प्रकारही नको. १०८ ला फोन करा, 'अ‍ॅनाफिलॅक्सिस, अ‍ॅड्रेनॅलिन दिलंय' असं स्पष्ट सांगा (अ‍ॅनाफिलॅक्सिस म्हणजे जिवावर बेतणारी अ‍ॅलर्जी). बरं वाटलं तरी दवाखान्यात निदान ४ ते ६ तास थांबायचं, लक्षणं परत उसळू शकतात.

पेठेतला_कोच
फुटबॉलचं मी सांगतो. मैदानात कडक डबी कमरेला चालणार नाही, रेफरी काढायला लावतो आणि पडलं तर बरगडीत घुसते. किट बाहेरच्या रेषेवर, पाण्याच्या क्रेटजवळ नव्हे (ते उन्हात असतं), प्रथमोपचार पेटीच्या वरच्या कप्प्यात. कोचला आणि एका राखीव खेळाडूला टोचता आलं पाहिजे. आपल्याकडे कोच एक आणि पोरं पंचवीस, त्यामुळे कोचवर एकट्यावर भिस्त नको. आणि सरावाआधी तास-दोन तासांत बाहेरचं काही खाणं टाळा. पळापळीत प्रतिक्रिया जोर धरते.

बाकी वेळी किट सॅकमध्ये नको. सॅक म्हणजे पोरांच्या लेखी कुठंतरी टाकायची वस्तू. मोबाइल जिथं तिथं किट. पॅंटच्या मांडीवरच्या खिशात किंवा शर्टाखाली कमरपट्ट्याच्या पाऊचमध्ये. पाऊच दिसतो म्हणून पोरं लाजतात, त्यावर उपाय म्हणजे काळा, साधा, मोबाइलचाच वाटेल असा. मुलींच्या ड्रेसला खिसा नसतो, त्यांना खांद्यावरून आडवी छोटी पर्स बरी, हँडबॅग नको.

भडंग, चिक्की आणि उष्टी पाण्याची बाटली यांतून धोका असतो, म्हणून दोन मित्रांना तरी सगळं माहीत असलं पाहिजे. मित्रांना भाषण नको. सिरिंज कुठं आहे आणि कुठं टोचायची, एवढंच.

गंगावेस_फार्मसी
उन्हाचं. अ‍ॅड्रेनॅलिन २५ अंशांच्या आत, अंधारात ठेवायचं. प्रकाश, उष्णता आणि हवेने ते गुलाबी होतं, मग तपकिरी. रंग दिसला किंवा कण दिसले की फेका. पण उलट धरू नका: पाण्यासारखं स्वच्छ आहे म्हणजे जोर शाबूत आहे असंही नाही. म्हणून तारखेला बदलायचंच.

भरलेली सिरिंज झाकून, अंधारात ठेवली तर तीन महिने टिकल्याच्या तपासण्या आहेत. तरी रोज खिशात फिरणारी असेल तर मी दर महिन्याला बदला म्हणेन. अ‍ॅम्प्यूल स्वस्त आहे, एक तारीख ठरवा, गॅसच्या नोंदीसारखी.

मोपेडची डिकी आणि काचा बंद केलेली गाडी, दोन्ही बाद. फ्रीजची गरज नाही, फ्रीजरजवळ तर अजिबात नको, गोठलेलं औषध टाकून द्यायचं. बर्फाची जेल-पिशवी थेट चिकटवू नका. इन्सुलिनचा पाण्यात भिजवायचा पाऊच उन्हाळ्यात चालतो. पावसाळ्यात हवा दमट, पाणी उडत नाही, मग त्याचा गारवाही पडत नाही.

मसाई_पठार
पावनखिंडीचं. मोहीम दोन दिवसांची, पाऊस अखंड, पठारावर मोबाइलची रेंज येते-जाते. दोन सिरिंजवर जाऊ नका, चार न्या, दोन त्याच्याकडे आणि दोन गटप्रमुखाकडे, दोघं एकत्र चालणारे हवेत. आदल्या दिवशी ताज्या भरा. डबी झिपच्या पिशवीत, ती दुसऱ्या पिशवीत, आणि रेनकोटच्या आतल्या बाजूला. सॅकच्या तळाशी ठेवली तर चिखलात थांबून काढावी लागते.

वाटेत डांबरी रस्ता कुठं कुठं आडवा येतो ते आधी कागदावर लिहून घ्या. १०८ तिथंच येणार, पठारावर नाही. आणि मुक्कामाचा नाश्ता पोहे असतो. त्यात दाणे नसले तरी तोच झारा, तीच कढई. त्याचा डबा वेगळा न्या.

कळंबेकर
सगळ्यांचे आभार. बोर्डाच्या परीक्षेत सिरिंज आत नेऊ देतील का?

आपत्कक्ष_सिस्टर
परीक्षेच्या दिवशी गेटवर वाद घालू नका. डॉक्टरांचं पत्र घेऊन आधीच कॉलेजमार्फत केंद्रसंचालकांना भेटा. पत्रात निदान, औषध, 'विद्यार्थ्याजवळ राहणे आवश्यक' हे वाक्य आणि पर्यवेक्षकांना आराखड्याची प्रत. किट टेबलावर पर्यवेक्षकाकडे राहिलं तरी चालेल, पण त्याच वर्गात. ऑफिसच्या कपाटात नको.

मुदत संपलेली अ‍ॅम्प्यूल टाकू नका. महिन्यातून एकदा ती भरून मोसंबीत टोचायचा सराव मुलाने, तुम्ही आणि एका मित्राने करा. घड्याळ लावून, किट खिशातून काढण्यापासून. वापरलेली सुई जाड प्लॅस्टिकच्या बाटलीत आणि दवाखान्यात परत.

कळंबेकर
टूथब्रशच्या प्रवासी डबीत २ मिलीच्या दोन सिरिंज बसतात, पण हलतात. कापूस भरू का?

गंगावेस_फार्मसी
कापूस नको, टोपणाच्या कडेत अडकतो आणि टोपणच निघून येतं. स्वयंपाकघरातल्या नव्या, कोरड्या स्पंजची पट्टी कापून तळाशी घाला. दट्ट्याच्या मागे तेवढीच जागा सोडा, झाकण लावल्यावर तो दाबला जात नाही ना बघा. पारदर्शक डबी असेल तर बाहेरून काळी चिकटपट्टी लावा.