मदत हवी आहे : वार्डसभेत मांडलेले काम ठरावाच्या वहीत कसे टिकवावे?

नमस्कार मंडळी. मी बेळगाव तालुक्याच्या पश्चिमेकडच्या एका गावात राहते आणि आमच्या गल्लीतल्या महिला संघाचा हिशेब गेली नऊ वर्षे मी लिहिते. माझे शिक्षण बारावीपर्यंत मराठी माध्यमातून झाले. कन्नड मला बोलता येते; वाचताना मात्र अक्षर अक्षर लावावे लागते. हे आधीच सांगते, कारण माझ्या प्रश्नाचा अर्धा भाग त्यातच आहे.

आमची गल्ली उतारावर आहे. वरच्या दोन गल्ल्यांचे सांडपाणी आणि पावसाळ्यातले रानाचे पाणी आमच्या दारावरून जाते, आणि जून-जुलैत चार घरांच्या उंबऱ्याच्या आत शिरते. त्यातल्या एका घरात अंथरुणाला खिळलेल्या आजी आहेत. त्यांची खाट विटांवर चढवलेली मी स्वतः पाहिली आहे. घरोघरी नळ देण्यासाठी रस्ता उकरला तेव्हा होते नव्हते ते गटारही फुटले आणि चर मातीने बुजवून मंडळी निघून गेली. म्हणून गेल्या खेपेच्या वार्डसभेला आम्ही सतरा बायका मुद्दाम गेलो आणि गटाराचे काम सर्वांत आधी घ्यावे असे सांगितले. समोरच्यांनी ऐकून घेतले, मान डोलावली, वहीत काहीतरी लिहिले आणि आमच्या सह्या घेतल्या. पुढे कित्येक महिन्यांनी वाळूचे टिप्पर आले ते दुसऱ्याच कामासाठी. चौकशी केली तेव्हा कळले की त्या वर्षीच्या क्रियायोजनेत, म्हणजे पंचायतीने वर्षभरात करायच्या कामांच्या यादीत, आमच्या गटाराचे नावही नाही. पंचायतीच्या दाराशी लावलेला कागद माझ्या नववीतल्या मुलीने वाचून दाखवला, तेव्हा कुठे हे समजले. आम्ही सही नेमकी कशाखाली केली होती, हे आजही मला ठाऊक नाही.

मला याचे जास्त वाईट वाटते, कारण सत्ता गावाकडे आणण्यात आमचे कर्नाटक राज्य एके काळी पुढे होते. १९८३ चा पंचायत कायदा तेव्हाचे पंचायत राज मंत्री अब्दुल नझीर साब यांच्या पुढाकाराने झाला, १९८७ मध्ये जिल्हा परिषदा आणि मंडल पंचायतींच्या निवडणुका झाल्या, आणि त्या कायद्याने बायकांसाठी २५ टक्के जागा राखल्या होत्या. देशभरच्या पंचायतींना घटनेत स्थान देणारी त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती त्यानंतर आली. ती २४ एप्रिल १९९३ पासून लागू झाली. आता आमच्या ग्रामपंचायतीत निम्म्या जागा बायकांच्या आहेत. कायद्याचे नावही २०१५ च्या दुरुस्तीने 'ग्राम स्वराज' असे झाले, आणि त्यात वस्तीची सभा, मग वार्डसभा, मग ग्रामसभा अशी खालून वर जाणारी वाट आखून दिलेली आहे. वाट आहे, पण आमचे म्हणणे त्या वाटेवर कुठे गळते तेच दिसत नाही.

आणि लोकांना हिशेब ठेवता येत नाही म्हणावे, तर तेही खरे नाही. आमच्या गावच्या महालक्ष्मी यात्रेत प्रत्येक घराची वर्गणी ठरली, कोणत्या गल्लीने मांडव घालायचा आणि कोणी पाणी वाहायचे ते ठरले, आणि यात्रा झाल्यावर देवळासमोर बसून तेलाच्या डब्यांपर्यंतचा खर्च मोठ्याने वाचून दाखवला गेला. एका डब्याचा मेळ लागेना, तर त्यावर अर्धा तास चर्चा झाली आणि शेवटी तो डबा पुजाऱ्यांच्या घरी सापडला. तीच माणसे ग्रामसभेला येत नाहीत. सभा कामाच्या दिवशी सकाळी अकराला असते. पुरुष बेळगावच्या उद्यमबाग या कारखान्यांच्या वसाहतीत फाउंड्रीत पाळीवर गेलेले असतात आणि बायका भाताच्या लावणीत नाहीतर रताळ्याच्या रानात. जी मंडळी येतात त्यांना वाचून दाखवलेले निम्मे कळत नाही.

तेव्हा जाणकारांना माझी विनंती आहे. सभेत मांडलेले काम वहीत जसेच्या तसे उतरले आहे याची खात्री त्याच दिवशी कशी करून घ्यावी? मराठीतून अर्ज दिला तर तो घ्यावा लागतो का? आणि मांडलेले काम क्रियायोजनेतून वगळले गेले तर त्याचे कारण कोणाला विचारावे? सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे आणि त्याबद्दल माझ्या मनात जे आहे ते आहेच, पण येथे कृपया गटारापुरतेच बोलावे. जून जवळ येतो आहे.

प्रतिसाद, खानापूर तालुक्यातून

ताई, मी दोन वेळा ग्रामपंचायत सदस्य होतो, म्हणून आतल्या बाजूने सांगतो. तुमची चूक एवढीच झाली की तुम्ही तोंडी सांगितलेत. तोंडी सांगितलेले काम लिहिणाऱ्याच्या आठवणीवर आणि मर्जीवर राहते. सभेच्या आठ दिवस आधी अर्ज द्या, दोन प्रती करा, आणि एका प्रतीवर शिक्का व तारीख घेतल्याशिवाय पंचायतीतून हलू नका. सभेत त्या अर्जाचा उल्लेख करा, आणि सही करण्याआधी पीडीओंना, म्हणजे पंचायत विकास अधिकाऱ्यांना, सांगा की वहीतला मजकूर, ज्याला इकडे नडवळी म्हणतात, तो मोठ्याने वाचून दाखवा. वाचून दाखवल्याशिवाय सही करायची नाही, एवढे सतरा जणींनी शांतपणे धरून ठेवले तर कोणी नाही म्हणत नाही. आमच्याकडे एका वस्तीतल्या बायकांनी हे केले होते, तेव्हा सदस्य म्हणून मला राग आला होता. आज वाटते की त्यांचेच बरोबर होते.

भाषेबद्दल. राज्यघटनेच्या ३५० व्या कलमाप्रमाणे गाऱ्हाण्याचे निवेदन संघराज्यात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देण्याचा हक्क प्रत्येकाला आहे, त्यामुळे मराठी अर्ज नाकारता येत नाही. मात्र माहिती अधिकाराचा अर्ज वेगळा असतो. २००५ च्या त्या कायद्यात इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाची अधिकृत भाषा असे लिहिले आहे, म्हणून तो अर्ज कन्नडमध्ये किंवा हिंदीत करा, नाहीतर भाषेच्या कारणाने महिना वाया जाईल. त्या अर्जात वार्डसभेच्या नडवळीची आणि मंजूर क्रियायोजनेची प्रत मागा. दोन्ही कागद शेजारी ठेवले की काम कुठे गळले ते दिसते.

आणखी एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. दरवर्षी पंचायतीची जमाबंदी होते, साधारण ऑगस्ट-सप्टेंबरात. त्या दिवशी वर्षभराचा जमाखर्च आणि झालेली कामे लोकांसमोर तपासली जातात. तुमच्या यात्रेच्या हिशेबासारखीच ती बैठक असते, फक्त तिथे तेलाचा डबा शोधायला कोणी येत नाही. तिथे जा.

प्रतिसाद, निपाणी भागातून

वरील सगळे पटते, तरी एक काळजी वाटते म्हणून लिहितो. अर्ज मराठीत देण्याचा हक्क आहेच, पण तुमच्या गल्लीत कन्नड बोलणारी घरे असतील तर त्यांच्या सह्या पहिल्या घ्या आणि अर्जाची कन्नड प्रत सोबत जोडा. आमच्याकडे पाण्याच्या टाकीचा विषय असाच भाषेच्या वादात गेला, दोन्ही बाजूंची भाषणे झाली आणि टाकी तीन वर्षे लांबली. पाणी दोन्ही भाषांच्या घरांत शिरते. हक्क सोडा असे मी म्हणत नाही. कागद परत करायला कोणाला निमित्त मिळू नये, इतकेच.

वार्डसभेआधी वस्तीची सभा संध्याकाळी देवळातच घ्या. पुरुष पाळीवरून आलेले असतात, आणि लोकांना तिथे बसून बोलायची सवय आहे. कोणते काम पहिले आणि कोणते दुसरे, हे तिथेच ठरवून वार्डसभेला एकच यादी न्या. सभेची वेळ बदलण्याची मागणीही त्याच कागदावर लिहा. राहिली वरची दाद. तालुका आणि जिल्हा पंचायतीच्या निवडणुका २०१६ मध्ये झाल्या, त्यांची मुदत २०२१ मध्ये संपली आणि त्यानंतर कित्येक वर्षे तिथे निवडून आलेले कोणी बसले नाही. त्यामुळे तालुका पंचायतीच्या कार्यनिर्वाहक अधिकाऱ्यांकडेच लेखी जावे लागेल.

धागा सुरू करणारीचा प्रतिसाद

आपणा दोघांचे मनापासून आभार. आमच्या गल्लीत पाच घरे कन्नड बोलणारी आहेत आणि त्यातल्या दोन घरांत पाणी शिरते. हे मला कसे सुचले नाही, याचे वाईट वाटते. अक्का म्हणून ज्यांना आम्ही हाक मारतो त्यांच्याकडे काल संध्याकाळी जाऊन आले. कन्नड प्रत त्याच लिहून देणार आहेत, आणि माझी मुलगी ती मला वाचून दाखवणार आहे. वस्तीची सभा येत्या अमावास्येला देवळात ठरवली आहे, कारण त्या दिवशी शेतात औत जात नाही.

एक शंका उरली आहे. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी दिलेल्या निधीतला ६० टक्के हिस्सा पिण्याचे पाणी आणि स्वच्छता यांच्यासाठीच बांधून दिलेला होता, असे एका सदस्यांनी सांगितले, आणि रस्त्याचे गटार त्यात बसत नाही असेही तेच म्हणाले. पण आमच्या गटारातून बाराही महिने मोरीचे पाणी वाहते आणि पावसाचे पाणी फक्त चार महिने. मग अर्जात त्याला पावसाचे गटार म्हणावे की सांडपाण्याचे? ज्यांनी असे काम त्या निधीतून करून घेतले असेल त्यांनी आपल्या मागणीतले नेमके शब्द येथे लिहावेत.