सातवीला सिंधुदुर्ग नाटकातून शिकवायचाय, पण बोलतात तीच पाच मुलं

सातवी_देवगड
पट २८, तास ३५ मिनिटांचा. महाराजांचं आरमार आणि सिंधुदुर्गाची बांधणी नाटकातून घ्यायची आहे. संवाद लिहून दिले तर मुलं पोपटपंची करतात, एक वाक्य विसरलं की सगळं अडतं. मोकळं सोडलं तर थेट तलवारबाजी. आणि बोलणारी नेहमीची पाचच. कपडेपटाला पैसे नाहीत. कसं बसवावं?

चिरेबंदी
बाई, संवाद लिहूच नका. आपल्या कोकणातल्या दशावतारी नाटकात कुठे लिहिलेले असतात? आधी आख्यान सांगतात, कोणी काय करायचं ते ठरतं, आणि बोलणं उभं राहिल्यावर सुचतं. वर्गातही तेच करा.

प्रत्येक नटाला तीन ओळींची चिठ्ठी द्या: तू कोण, तुला काय हवंय, आणि तुझ्या तोंडून आलीच पाहिजे अशी एक माहिती. उदाहरणार्थ, 'तू मालवणचा कोळी. कुरटे बेट दाखवायचंय. भोवतीचे खडक पाण्याखाली लपतात, वाट ठाऊक नसलेलं जहाज फुटतं.' समोरच्याची चिठ्ठी: 'तू हिशेबनीस. खर्च आवरायचाय. किल्ल्याचा पाया भरताना शिसं का ओततात ते पटल्याशिवाय पैसे सोडू नकोस.' चिठ्ठ्या एकमेकांना दाखवायच्या नाहीत. माहिती दुसऱ्यापाशी असली की विचारावंच लागतं, आणि विचारलं की संवाद आपसूक होतो.

तलवारबाजी होते ती प्रसंग लढाईचा असतो म्हणून. निर्णयाचे प्रसंग द्या: १६६४ साली हेच बेट का निवडलं, पाया कसा घालायचा, पाणी कुठून, जहाजं कुठली बांधायची. चार प्रसंग, सात-सात मुलांचे चार गट. गटात चार नट, एक झांजेला, एक पुस्तक उघडं ठेवून चूक पकडणारा, एक नाईक म्हणजे गटप्रमुख. तुमची ती पाच बडबडी मुलं नाईक आणि चूक पकडायला ठेवा. त्यांनी नाटक चालू असताना बोलायचं नाही.

आणि संकासुर, म्हणजे दशावतारातला काळ्या वेशातला विनोदी असुर, विसरू नका. काळी ओढणी पुरे. हे काम मागच्या बाकावरच्या, घरी मालवणीच बोलणाऱ्या मुलाला द्या. बरीच 'गप्प' मुलं लाजत नसतात, प्रमाण मराठीला अडखळतात. तो मध्येच येऊन विचारेल, 'चारय बाजून खारा पाणी, मगे बावीत गोडा पाणी खंयसून इला?' उत्तर सगळ्या वर्गाने द्यायचं.

दोन तास धरा. पहिल्यात आख्यान १० मिनिटं, चिठ्ठ्या ५, तालीम २०. दुसऱ्यात प्रत्येक प्रसंग ४ मिनिटं, उरलेला वेळ पकडलेल्या चुकांवर. हा उरलेला वेळच खरा धडा आहे, तो खाऊ देऊ नका.

हीर_झावळी
संकासुराच्या प्रश्नाला जोडून: किल्ल्यातल्या गोड्या पाण्याच्या विहिरींची दूधबाव, दहीबाव, साखरबाव ही नावं सांगून थांबू नका, करून दाखवा. १ लिटर पाण्यात ३५ ग्रॅम मीठ विरघळवा, काचेचा ग्लास अर्धा भरा. वर चमच्याच्या पाठीवरून रंगवलेलं गोडं पाणी हळू सोडा. ते हलकं असल्याने वरच थांबतं. बेटावर मुरलेलं पावसाचं पाणीही असंच खाऱ्यावर राहू शकतं. घाईने ओतलं तर दोन्ही मिसळतात आणि प्रयोग फसतो.

जहाजांच्या प्रसंगाला छायाबाहुल्या वापरा, कुडाळजवळच्या पिंगुळीच्या ठाकर कलाकारांच्या असतात तशा. (तिथल्याच परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली, हे मुलांना जरूर सांगा.) गुराब आणि गलबत ही आरमारातली जहाजं लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्यातून कापा, मागे माडाचा हीर (झावळीची काडी) चिकटवा. दाराच्या चौकटीत पांढरं धोतर ताणून बांधा, सैल राहिलं तर सावली हलते. दिवा म्हणून मोबाईलचा टॉर्च उत्तम. दुधी बल्बचा उजेड मोठ्या पृष्ठभागावरून येतो, म्हणून सावलीची कड पुसट होते. टॉर्चपासून पडदा १५० सेंमी, बाहुली ५० सेंमीवर ठेवली की १५ सेंमीचं जहाज ४५ सेंमीचं दिसतं. गुणोत्तर तिथेच शिकवून होतं.

पिंगुळीच्या बाहुल्या चामड्याच्या, उजेड आरपार जातो म्हणून रंग दिसतात. पुठ्ठ्याची सावली काळीच पडणार. शिडाला रंग हवा तर तेवढा भाग कापून जिलेटीन कागद लावा. पावसाळ्यात साधा पुठ्ठा दमटपणाने वाकतो, गुळगुळीत पत्रिका त्यामानाने टिकते.

काजूबी
पद्धत चांगली, पण प्रत्येक धड्याला नको. सत्राला दोन पुष्कळ झाले. एक हमखास गडबड सांगतो: मुलांना स्वतःचा प्रसंग पाठ होतो, बाकीचे तीन कोरे राहतात. म्हणून प्रत्येकाने दुसऱ्या गटाच्या प्रसंगावर दोन प्रश्न वहीत लिहायचे. गुण त्या प्रश्नांना द्या, अभिनयाला नको. नाहीतर पुन्हा त्याच पाच जणांना मिळतील.

सातवी_देवगड
चिठ्ठ्या उद्याच लिहिते. झांज नाही, काय वापरू?

चिरेबंदी
स्टीलच्या ताटल्या नकोत, पत्र्याच्या छपराखाली कान बसतात. बाकावर तळव्याने ठेका. प्रसंग सुरू होताना आणि संपताना तेवढाच, नाहीतर झांजेवाला संवाद गिळतो.