विदा, मालकी आणि ‘विकणे’: संमतिपत्रात कोणते शब्द घालावेत?

(बडोद्यातल्या तिघांमधला संवाद; प्रत्येकाची ओळख त्याच्या वस्तीच्या नावाने.)

दांडिया बाजार :
एका रक्ततपासणी केंद्राच्या संमतिपत्राचा मराठी मसुदा तपासायला आलाय. मूळ इंग्रजी, अनुवाद दुसऱ्या कुणाचा. त्यात हे वाक्य आहे : ‘संस्था सर्व विदेची मालक राहील व सदर विदा विकण्याचा तिला अधिकार असेल.’ शेजारच्या आजींना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, ‘विदा? कुणाला निरोप द्यायचाय?’ बडोद्यात दिवसभर कानावर गुजराती ‘विदाय’ पडते, त्यांना तसंच वाटणार. ‘विद्’ म्हणजे जाणणे, त्यावरून ‘डेटा’साठी घडवलेला हा शब्द मला मनापासून आवडतो. पण सही करणाऱ्यालाच तो कळत नसेल तर? ‘डेटा’ लिहावं, तर आजींचा नातू ‘डेटा संपला’ म्हणतो तेव्हा त्याला रिचार्ज हवा असतो. इथे साधं ‘माहिती’ चालेल असं वाटतं, गुजरातीतही तोच शब्द आहे. माझं अडतंय ते ‘मालक’ आणि ‘विकणे’पाशी.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यानुसार संमतीची विनंती इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांपैकी हव्या त्या भाषेत वाचायची सोय द्यावी लागते. मराठी त्यात आहे. म्हणून शब्द नीट हवेत.

रावपुरा :
ताई, ‘मालक’ आधी काढा. तो कायदा मालक कोण हे ठरवतच नाही. एकीकडे ज्याची माहिती तो माणूस, दुसरीकडे ती कशासाठी व कशी वापरायची हे ठरवणारा, आणि त्या दुसऱ्यावर जबाबदाऱ्या, अशी त्याची मांडणी आहे. जबाबदारी मोडली तर दंड २५० कोटींपर्यंत जाऊ शकतो.

मी वकिलीत जन्म काढला, म्हणून जमिनीचं उदाहरण देतो. महाराष्ट्रातल्या सातबाऱ्यावर ‘मालक’ नसतो, ‘भोगवटादार’ असतो. मालकी, ताबा, वहिवाट, भोगवटा, गहाण हे वेगवेगळे शब्द आपल्या भाषेत आहेत, कारण या प्रत्येकावरून लोक कोर्टात भांडले आहेत. माहितीच्या बाबतीत मात्र सगळं एका ‘मालकी’त कोंबतात, ते मला सहन होत नाही. केंद्राकडे ताबा आहे, ठराविक कामापुरता वापर आहे. हजारो अहवाल निवडून, लावून त्यांनी संग्रह केला असेल, तर त्या मांडणीवर लेखाधिकार (कॉपीराइट) सांगता येईल. त्याच्या १९५७ च्या कायद्यात संगणकीय विदासंग्रह साहित्यकृतीत धरलेले आहेत. पण २००७ साली सर्वोच्च न्यायालयाने ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध मोडक या खटल्यात म्हटलं की नुसती मेहनत पुरेशी नाही, थोडं तरी कौशल्य आणि निर्णयबुद्धी दिसायला हवी. आणि आजींची साखर १४० आली, या वस्तुस्थितीवर लेखाधिकार कुणाचाच नाही.

आता ‘विकणे’. मी सायकल विकली की माझा हात रिकामा होतो. अहवाल ‘विकला’ तरी विकणाऱ्याकडे तो राहतोच. कोर्टातला जुना शब्द घ्या : नक्कल. आपण नकलेचा अर्ज करतो, नक्कल मिळते, मूळ कागद दप्तरी राहतो. माहितीचा जो व्यापार चालतो तो नकलांचा आणि वापराच्या परवानग्यांचा. ‘तुमची माहिती विकू’पेक्षा ‘तुमच्या माहितीची नक्कल पैसे घेऊन दुसऱ्याला देऊ’ असं लिहा. वाचणारा थबकेल, आणि त्याने थबकायलाच हवं.

वाडी :
काकांचं ‘नक्कल’ फार आवडलं. ज्याची माहिती त्याला काही जण ‘माहितीधारक’ म्हणतात, ते मात्र नको. ज्याच्या हातात वस्तू तो धारक; धारक धनादेश ज्याच्या हाती, पैसे त्याला. मग माहितीधारक केंद्रच ठरेल! ‘धनी’ गोड आहे, पण त्यात पुन्हा मालकी आली, शिवाय गुजरातीत धणी म्हणजे नवरा. केंद्राच्या भूमिकेला मी ‘ठेव’ सुचवते. गुजरातीत मुलीला ‘पारकी थापण’, म्हणजे परक्याची ठेव, म्हणतात. मुलींबद्दल ते मला मुळीच पटत नाही, पण शब्दाचा गाभा बरोबर आहे : दुसऱ्याचं, विश्वासानं सांभाळायला दिलेलं.

याच गावातून १९३१ साली सयाजीराव महाराजांच्या राज्यात शासनव्यवहाराचा बहुभाषी कोश निघाला, मराठी आणि गुजराती शेजारी शेजारी ठेवून. असा शेजार आपल्यालाही उपयोगी पडेल.

दांडिया बाजार :
आजींकडे पुन्हा जाऊन आले. ‘ठेव’ म्हटल्यावर त्यांनी व्याज किती ते विचारलं. त्यांच्यासाठी ठेव म्हणजे बँकेची. ‘सांभाळायला दिलेली’ लगेच कळलं. ‘नक्कल’ ऐकून त्या सरसावून बसल्या आणि म्हणाल्या, ‘कुणाला देणार, नाव लिही की.’ मसुद्यात ते नावच नव्हतं. आता वाक्य असं केलंय :

‘तुमच्या तपासणीची माहिती तुम्ही आमच्याकडे सांभाळायला दिली आहे. तिची नक्कल तुमच्या डॉक्टरांना देऊ. आणखी कुणाला द्यायची असेल, तर त्याचं नाव आणि कारण सांगून आधी तुम्हाला विचारू. तुम्ही नाही म्हणालात तरी तपासणी होईल. दिलेली संमती, दिली तितक्याच सहज, कधीही मागे घेता येईल.’

केंद्राने ‘नाही म्हणालात तरी’ हे वाक्य गाळायला सांगितलंय. काका, कायद्यात संमती बिनशर्त हवी ना? त्याचं कलम कळवा, मी आज संध्याकाळीच त्यांना लिहिते.

रावपुरा :
कलम ६. वाक्य गाळू नका.