दक्षिण स्पेन, जुलै, सहा मित्र आणि एक गाडी: हा बेत कुणाच्या जिवावर?

घाटवाट
गेल्या आठवड्यात ‘मुशाफिर’ यांनी आपला बेत टाकला होता. जुलैअखेर सहा मित्र, सात सीटची एकच गाडी, आठ दिवस. सेव्हिल, काडिझ, रोंदा, मालागा, ग्रनाडा, कोर्दोबा, परत सेव्हिल. शेवटचं वाक्य असं: ‘गाडी हाताशी असली की उन्हाचं आणि वेळेचं टेन्शनच नाही.’ खाली रांगेने ‘मस्त प्लॅन’, ‘सेव्ह केला’. मला राहवलं नाही, कारण जवळजवळ हाच बेत आम्ही पाच जणांनी दोन वर्षांपूर्वी जुलैतच केला. गाडी मी चालवली. एकट्याने.

आधी ऊन. ऑगस्ट २०२१ मध्ये कोर्दोबाच्या परिसरात पारा ४७ च्या वर गेला होता. जुलैत सेव्हिलला ४० झाले तर ती बातमीसुद्धा होत नाही. गाडीत एसी असतो, कबूल. पण गाडी जमिनीखालच्या पार्किंगमध्ये गार उभी असते आणि तुम्ही वर तापलेल्या दगडी गल्ल्यांतून चालत असता. ग्रनाडाच्या अल्बायसिन या जुन्या वस्तीत तर बाहेरच्या गाड्यांना मनाईच आहे. कॅमेरे नंबरप्लेट टिपतात आणि दंड घरी परतल्यावर कळतो.

दुसरं अल्हाम्ब्राचं, म्हणजे ग्रनाडातल्या जुन्या राजवाड्याचं. तिकिटावर नाव असतं, सोबत पासपोर्ट लागतो आणि आतल्या नासरी महालांत शिरायची वेळ ठरलेली असते. आमची दुपारी एकची होती. रोंदाहून नऊला निघायचं ठरलं होतं, निघालो दहाला. वाटेत सेतेनिल लागलं, जिथे घरांवर छप्पर म्हणून अख्खा कडा आहे. ‘दहाच मिनिटं थांबू’ म्हणता म्हणता पाऊण तास गेला. महालाच्या दारावरच्या बाईंनी माझं तिकीट हातात घेतलं, १३:०० या आकड्यावर नखाने दोनदा टकटक केलं आणि मग स्वतःच्या मनगटावरचं घड्याळ माझ्यासमोर धरलं. दोनला दहा कमी. त्या चिडल्या नाहीत, आवाजही चढवला नाही, फक्त मान हलवली. आमच्यातली एक मैत्रीण वास्तुविशारद आहे. ती केवळ त्या महालांसाठी आली होती. बाहेर पाचव्या कार्लोसच्या महालाच्या गोल अंगणात ती अर्धा तास एक शब्द न बोलता बसून होती.

म्हणून माझं स्पष्ट मत: उन्हाळ्यात सेव्हिल, कोर्दोबा, ग्रनाडा रेल्वेने करा. सेव्हिल ते कोर्दोबा वेगवान रेल्वेने पाऊण तास लागतो. माद्रिद-सेव्हिल मार्ग १९९२ पासून चालू आहे, ग्रनाडालाही २०१९ पासून ती सोय झाली. गाडी घ्यायचीच तर काडिझ-रोंदा पट्ट्यापुरती, तीन दिवस. आणि चालवणारे किमान दोघे हवेत.

मुशाफिर
तुमचा अनुभव वाईट आला याचं खरंच वाईट वाटलं. पण उशीर गाडीमुळे नाही झाला, ग्रूपमुळे झाला. रेल्वेला उशिरा पोचलात तर ती थांबणार होती का? आणि रेल्वेने ग्राझालेमा, साहारा, आर्कोस, वेहेर कसं करणार? डोंगराच्या उतारावर चुना फासलेली ती पांढरी गावं बघायचीत म्हणून तर आम्ही चाललोय. मोठी शहरं युरोपात कुठेही आहेत. सेव्हिल ते काडिझ महामार्गाचा टोलसुद्धा २०२० पासून बंद झालाय, मग का नाही घ्यायची गाडी?

संत्रानगरी
४० डिग्रीचं काय सांगून राहिले भाऊ? आम्ही नागपूरचे. मे महिन्यात ४५-४६ मध्ये लग्नाच्या वरातीत नाचलो आहोत. कांदा खिशात, दुपट्टा डोक्यावर, झालं. दुपारी झोपायचं, पाचला ऊन उतरलं की बाहेर पडायचं. स्पेनवाले पण दुपारी झोपतातच म्हणतात.

घाटवाट
संत्रानगरी, तुमचं हे ‘पाचला ऊन उतरलं की’ नेमकं तिथेच फसतं. स्पेन भूगोलाने इंग्लंडच्या रांगेत आहे, पण घड्याळ जर्मनीचं लावतो आणि उन्हाळ्यात ते आणखी एक तास पुढे. त्यामुळे जुलैत सेव्हिलला सूर्य डोक्यावर येतो तो दुपारी अडीचच्या सुमाराला. सगळ्यात जास्त तापमान पाच-सहा वाजता. सूर्य मावळतो साडेनऊनंतर. आम्ही नेमके पाचला हॉटेलबाहेर पडलो आणि पुलापर्यंत पोचायच्या आत परत फिरलो. तिथली शहाणी वेळ म्हणजे सकाळी साडेआठ ते एक आणि मग रात्री नऊनंतर. लोक जेवायलाच नऊ-दहाला बसतात, लहान मुलं मध्यरात्री चौकात खेळत असतात. आता सांगा, सकाळची हीच थंड वेळ रोज गाडीत सामान भरण्यात आणि पुढचं गाव गाठण्यात घालवायची का?

संत्रानगरी
घड्याळाचं हे माहीत नव्हतं. मानलं. पण उन्हाला घाबरून मे-जूनमध्येच जा, असं कोणी म्हणू नका.

इसारकाठ
तेच सांगायला आले. दर वेळी कोणीतरी येतं आणि म्हणतं ‘मे महिन्यात जा, कोर्दोबाला अंगणांचा उत्सव असतो’. असतो ना, मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात, आणि सुरेख असतो. पण आम्ही म्युनिकला राहतो. इथल्या शाळा ऑगस्टला सुटतात ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंत. पुण्या-मुंबईची मे महिन्याची सुट्टी आमच्या वाट्याला नाही. नोकरी करणाऱ्या आईबापांना ‘सीझन टाळा’ सांगणं फार सोपं असतं. आम्ही ऑगस्टमध्येच गेलो, गाडीनेच गेलो, दोन मुलं आणि दोन मित्र-कुटुंबं. तळ काडिझजवळ समुद्रकाठी ठेवला. आत ४१ होतं तेव्हा किनाऱ्यावर तिशीच्या आत होतं. मुलं दिवसभर पाण्यात. तारिफाला वारा इतका की पोरांच्या टोप्या उडाल्या, आणि समोर आफ्रिकेचा डोंगर उघड्या डोळ्यांनी दिसत होता. जेमतेम १४ किलोमीटर. गाडीशिवाय हे जमलं नसतं.

घाटवाट
एकाच जागी तळ, शहरं वगळली आणि समुद्र धरला. हे मी सांगतोय त्याच्या विरुद्ध नाहीच. आणि बायर्नची, म्हणजे तुमच्या म्युनिकच्या राज्याची, सुट्टी सप्टेंबरच्या मध्यापर्यंत असेल, तर तुमच्या हातात सप्टेंबरचा पहिला आठवडा होता की.

इसारकाठ
होता. नवऱ्याला रजा ऑगस्टमध्ये मिळाली. पण हो, पुढच्या वेळी सप्टेंबर बघू, एवढं कबूल.

शब्दवेल्हाळ
कृपया सेव्हिल नको. सेव्हिया. दोन एल म्हणजे य. आणि ग्रनाडा नव्हे, ग्रानादा. आपण ‘पॅरिस’ म्हणतो ते इंग्रजांमुळे, इथेही तीच गुलामी. मराठीत द आहे, मग ड कशाला?

मेतकूट
उच्चार राहू द्या, सहा जणांत शाकाहारी किती आहेत ते सांगा. आमच्या ट्रिपमध्ये दोघी होतो. सालमोरेहो म्हणजे थंडगार टोमॅटोची दाट आमटी समजा, मागवलं तर वर डुकराच्या मांसाचे तुकडे आणि उकडलेलं अंडं. आधीच ‘सिन हामोन’, म्हणजे ‘डुकराचं मांस नको’, म्हणायला शिका. सेव्हिलला पालक-छोले मिळतात, जिरं घातलेले, अगदी आपल्या चवीचे. कोर्दोबाला वांग्याच्या तळलेल्या कापांवर काकवीसारखा पाक. ग्रनाडात पेयाबरोबर खाणं फुकट येतं, पण ते काय येईल ते त्यांच्या मर्जीवर. मी छोटा कुकर नेला होता. पहिल्या दिवशी सगळे नाक मुरडत होते. चौथ्या रात्री मुगाच्या खिचडीला सहाच्या सहा ताटं.

हिशेबनीस
घाटवाट, ‘एकट्याने चालवली’ हे तुम्ही दोनदा सूचित केलंत. बाकी चौघं काय करत होते?

घाटवाट
विचारलंत म्हणून सांगतो. आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढायचा, एवढंच काम होतं. हजार रुपये फी, वर्षभराची मुदत. चौघंही ‘पुढच्या आठवड्यात काढतो’ म्हणत राहिले. शेवटी परवाना फक्त माझ्याकडे. ऑटोमॅटिक महाग म्हणून गिअरची गाडी घेतली, उजवीकडून चालवायची. आठ दिवस मी रोज संध्याकाळी लिंबू-सोडा प्यायलो. काडिझला जमिनीखालच्या पार्किंगमध्ये वळण घेताना मागचं दार खांबाला घासलं. चार बोटं रुंद पांढरा ओरखडा आणि त्यात खांबाचा पिवळा रंग. मागे बसलेला मित्र ‘येऊ दे, येऊ दे’ म्हणत होता. भाडे-कंपनीने आधीच अडकवून ठेवलेल्या रकमेतून ६४० युरो कापले, माझ्या कार्डवरून. मुंबईच्या विमानात मी विषय काढला. उत्तर मिळालं, ‘चालवत तर तू होतास.’

हिशेबनीस
हे भयंकर आहे. सहलीचा ओरखडा हा सहलीचा खर्च. सरळ पाच भाग.

रोखठोक
मला नाही पटत. ज्याच्या हातात स्टिअरिंग, त्याची जबाबदारी. दुसऱ्याने ‘येऊ दे’ म्हटलं म्हणून आरसा बघायचा नाही का? उद्या दंडाची पावती आली तर तीही वाटून घेणार? वेग तुम्ही वाढवायचा आणि पैसे मागे झोपलेल्याने द्यायचे?

ठाणेकर७७
रोखठोक, तुम्ही मित्रांबरोबर कधी गाडीने गेला आहात का? आम्ही गुहागरला गेलो होतो, माझी स्वतःची गाडी. मित्र म्हणाला थोडा वेळ मी चालवतो. जांभ्याच्या दगडावर खालून बसली, चेंबर फुटलं, ऑइल रस्ताभर. टोइंग धरून बत्तीस हजार. ‘इन्शुरन्समध्ये कर ना’ एवढं बोलून तो मोकळा झाला. आज नऊ वर्षं झाली, त्याच्या मुलीच्या बारशालाही मी गेलो नाही. आणि तुम्ही आम्हाला जबाबदारी शिकवता!

रोखठोक
तुमच्याच उदाहरणात चालवणाऱ्याने पैसे द्यायला हवे होते, म्हणजे तुम्ही माझंच म्हणणं मांडताय! आवाज चढवण्याआधी स्वतःचं लिहिलेलं वाचा.

ठाणेकर७७
फरक आहे. तो हौस म्हणून बसला होता. घाटवाटला बसवलं होतं, कारण बाकीच्यांनी आळस केला. आठ दिवस फुकटचा ड्रायव्हर मिळाला आणि वर त्यालाच बिल? असल्या लोकांबरोबर मी चहाला जाणार नाही.

मेतकूट
आमच्यात चालवणाऱ्याकडून जेवणाचे पैसे घेत नाहीत. कधी ठरवून केलं नाही, पहिल्यापासूनच तसं आहे.

रोखठोक
जेवणाचं ठीक आहे. आणि बाकीच्यांनी मुद्दाम परवाना काढला नसेल, तर निम्मा भार त्यांनी उचलावा, इथपर्यंत येतो. पूर्ण वाटणी मला आजही पटत नाही.

हिशेबनीस
निम्मं म्हणजे घासाघीस झाली. हे सगळं काउंटरवर पोचायच्या आधी टाळता येतं. झीरो एक्सेसचा विमा घ्या, म्हणजे नुकसान झालं तरी आपल्या खिशातून काही जात नाही असा, त्याची रक्कम पहिल्या दिवशीच कॉमन काँट्रीतून द्या. दुसऱ्या चालकाचं नाव करारात घाला, ते पैसेही काँट्रीतून. मूळ कार्डधारकावर एकट्यावर काही राहता कामा नये. आणि सहा जण सात सीटच्या गाडीत बसले की मागची रांग उघडावी लागते, मग डिकीत दोन केबिन बॅगांपलीकडे काही मावत नाही. सामान सीटवर दिसत ठेवून गाडी उभी केलीत तर काच फुटायची धास्ती वेगळीच.

मुशाफिर
डिकीचा विचार आम्ही केला नव्हता. सहा मोठ्या बॅगा आहेत.

काल रात्री सगळे बसलो. तारीख हलत नाही, दोघांच्या रजा मंजूर झाल्यात आणि विमानाची तिकिटं काढलीत, तेव्हा जुलैअखेरच. पण सेव्हिलहून कोर्दोबा रेल्वेने करू, सकाळी मशिदीतले ते ८५६ खांब बघून पुढच्या रेल्वेने मालागा. तिथून चार दिवस दोन छोट्या गाड्या. मी आणि आणखी दोघं उद्या परवान्याचे अर्ज भरतोय. ग्रनाडा शेवटी, गाड्या परत केल्यावर, बसने. अल्हाम्ब्राची वेळ सकाळी साडेआठची मिळाली. घाटवाट, गाडीशिवाय अंदालुसिया, म्हणजे हा दक्षिण स्पेन, होत नाही हे माझं मत कायम आहे. बाकी तुमचं बरंचसं घेतलं.

एकच विचारायचं होतं: रोंदा मालागाहून एका दिवसात करावं की मुक्काम?

घाटवाट
मुक्काम. दुपारी पुलावर किनाऱ्याकडून आलेल्या बसची गर्दी असते, कठड्याला उभं राहायला जागा नसते. ती सातच्या सुमाराला ओसरते. मग खाली दरीतल्या पायवाटेने उतरा आणि वर बघा. १७९३ मध्ये पुरा झालेला तो पूल जवळजवळ शंभर मीटर उंच आहे आणि त्या वेळी त्याचा दगड मधाच्या रंगाचा होतो. आम्ही तिथे पाचही जण होतो, आणि त्या संध्याकाळी कोणीही घड्याळ बघितलं नाही.

गाडी मात्र गावाबाहेरच लावा.