शेतात सापडलेली हिरवी नाणी रोमन आहेत का, कसं ओळखायचं?

सॉमरसेटकर:
नमस्कार मंडळी, मी इंग्लंडमधल्या सॉमरसेट जिल्ह्यात राहतो. शेजारचे आजोबा रिटायर झाल्यापासून मेटल डिटेक्टर घेऊन शेतं पालथी घालतात, काल शेतमालकाला विचारून गेले होते तर मीपण सोबत गेलो आणि एकाच जागी वीतभर खोलीवर आठ-दहा नाणी निघाली. आपल्या जुन्या चार आण्याएवढी, हिरवी पडलेली, एका बाजूला काटेरी मुकुटवाला माणूस. खाली अजून सिग्नल वाजतोय. रोमन असतील का? आणि लिंबाने साफ करू का, अक्षरं दिसत नाहीयेत.

नाणेवेडा:
अहो लिंबू ठेवा पोह्यांसाठी!! चिंच, पितांबरी, ब्रश काही म्हणजे काही लावू नका, तो हिरवा थर गेला की अक्षरंही जातात. दिव्याचा उजेड तिरका पाडून दोन्ही बाजूंचे फोटो काढा, ग्रॅममध्ये वजन करा. काटेरी मुकुट म्हणजे सूर्यकिरणांचा मुकुट, अशा नाण्यांना रेडिएट म्हणतात, बहुतेक इसवी सनाचं तिसरं शतक. नावाला चांदीचं, आत जवळपास सगळं तांबंच. नाव वाचताना यू च्या जागी व्ही असतो हे लक्षात ठेवा. टोकदार दाढी असेल तर टेट्रिकस नावाचा सम्राट असू शकतो, पण त्या काळात नकली नाणीही ढिगाने पाडलेली, अक्षरं वेडीवाकडी दिसली तर चक्रावू नका.

मातीखालचं:
ओळख नंतर हो, आधी खोदणं थांबवा. फ्रोम गावाजवळची गोष्ट, तुमच्याच सॉमरसेटची. एप्रिल 2010, डेव्ह क्रिस्प नावाचे हॉस्पिटलमधले आचारी, वीसेक नाणी हाताला लागली आणि मडक्याचा तुकडा दिसल्यावर ते थांबले, पुरातत्त्ववाल्यांना बोलावलं. मडक्यात निघाली 52,503 नाणी, वजन 160 किलो! मडकं थर-थराने रिकामं केलं म्हणून कळलं की सगळ्यात नव्यांपैकी, म्हणजे कॅराउसियसची (286 ते 293, ब्रिटनमध्ये स्वतःच सम्राट होऊन बसलेला) बरीचशी नाणी खालच्या भागात होती. म्हणजे वर्षानुवर्षं साठवलेली गंगाजळी नव्हे, एकदमच भरलेलं. मडकंही इतकं पातळ की भरून उचललं असतं तर फुटलंच असतं, त्यामुळे देवाला वाहिलं असावं असं काहींचं मत. क्रिस्पनी हावरेपणाने उपसलं असतं तर यातलं काय कळलं असतं? आणि त्यांचं नुकसानही नाही झालं, म्युझियमने 3,20,250 पौंडांना घेतलं, पैसे त्यांच्यात आणि जमीनमालकात वाटले गेले.

तांब्याची नाणी एकाच ठिकाणची दहा किंवा जास्त असतील आणि 300 वर्षांहून जुनी, तर तिकडच्या कायद्याने तो ट्रेझर, म्हणजे खजिना, 14 दिवसांत कळवावंच लागतं. आठ असतील तर नाही. म्हणून "आठ-दहा" चालणार नाही, मोजा.

पुणेरी_फुलपात्र:
आणि इकडे कुणाला शेतात सापडलं तर? विहीर खणताना वगैरे?

मातीखालचं:
आपल्याकडे 1878 चा ट्रेझर ट्रोव्ह कायदा. दहा रुपयांहून जास्त किमतीचं असेल तर कलेक्टरला कळवायचं, आकडा आजही दहाच.

सॉमरसेटकर:
मोजली. अकरा. आजोबांनी खड्ड्यावर गवताचं ढेकूळ परत लावून ठेवलंय, उद्या सकाळी जिल्ह्याच्या फाइंड्स ऑफिसरला (सापडलेल्या जुन्या वस्तूंची नोंद करणारा अधिकारी) फोन करतोय. लिंबू परत फ्रिजमध्ये.