शिडाची बोट आणि खेकड्यांचे पिंजरे: प्युजेट साउंडमधले अनुभव

प्युजेट साउंड म्हणजे अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातली समुद्राची खाडी. तिथे सकाळी एव्हरेट बंदरातून निघायचं, सॅराटोगा पॅसेज या सामुद्रधुनीत पिंजरे सोडायचे, दोन-तीन तास शिडावर फिरायचं आणि परतताना डंजनेस जातीचे खेकडे उचलायचे. हे करणाऱ्यांनी आपली पद्धत आकड्यांसकट लिहावी. काय चुकतं तेही लिहावं, असं आवाहन होतं; त्याची ही उत्तरं.

*

पहिली गोष्ट दोरी. पाणी 60 फूट असेल तर दोरी 80 फूट, म्हणजे खोलीच्या एक-तृतीयांश जास्त. ओहोटीला खोली मोजून तेवढीच दोरी बांधणारे हमखास फसतात. इथे भरती-ओहोटीत 10-12 फुटांचा फरक पडतो. बोया (दोरीच्या वरच्या टोकाचा तरंगता गोळा) पाण्याखाली जातो आणि पिंजरा गेलाच. दोरी बुडणारी घ्या, नाहीतर तिला शिसं लावा. तरंगणारी दोरी दुसऱ्याच्या बोटीच्या पंख्यात अडकते.

हलका पिंजरा पाण्याच्या ओढीबरोबर सरकत खोल पाण्यात जातो, म्हणून तळाला 4-5 किलो वजन बांधा. प्युजेट साउंडमध्ये दरवर्षी अंदाजे 12,000 पिंजरे हरवतात. झाकण सुती दोरीनेच बांधायचा नियम त्यासाठीच आहे: ती कुजते, झाकण उघडतं, आतले खेकडे सुटतात. तिथे नायलॉन वापरलं तर हरवलेला पिंजरा तळाशी खेकडे मारतच राहतो. कृपया हे टाळू नका.

*

आमिषाला कोंबडीची तंगडी बरी. सामन माशाचं डोकं खेकड्यांना जास्त ओढतं, पण सील फाडून नेतात. ते भोकांच्या डब्यातच ठेवा. फेरीबोटीच्या वाटेत पिंजरा टाकू नका.

*

खरी कसोटी उचलताना. शिडं वर ठेवून बोया पकडायला जाऊ नये. पुढचं शीड गुंडाळा, मोठं उतरवा, इंजिन चालू करा. वारा आणि ओढ यांत ज्याचा जोर जास्त, त्याच्याकडे नाळ (बोटीचं पुढचं टोक) करून सावकाश या. बोया वाऱ्याच्या बाजूला घ्या. दुसऱ्या बाजूला घेतलात तर वारा बोटीला दोरीवरच ढकलतो आणि दोरी सुकाणूत शिरते. आकडीने बोया धरला की इंजिन लगेच न्यूट्रलला. मागे घ्यायचा मोह आवरा, पंख्यात दोरी गुंडाळते ती नेमकी तेव्हाच.

ओली दोरी डेकवर पायाशी सोडू नका. बादलीत थेट उतरवत जा, पुढच्या वेळी ती गुंता न होता सुटते.

*

डंजनेसचे फक्त नर, पाठीची रुंदी किमान सव्वासहा इंच, माणशी दिवसाला 5. मोजमाप पाठीच्या सर्वात रुंद जागी, दोन्ही टोकांच्या काट्यांच्या लगेच पुढे. काट्यांसकट मोजलं की आकडा फुगतो. नराच्या पोटावरची पट्टी अरुंद, मादीची रुंद. आपल्याकडे लाखेसाठी (अंड्यांसाठी) भरलेली मादी शोधतात, इथे ती परत पाण्यात सोडायची. पायाचं कवच दाबून पाहा, दबलं तर तोही सोडायचा. ठेवलेल्या खेकड्याची नोंद पकडीच्या कार्डावर तिथल्या तिथे. मंगळवार-बुधवार सहसा बंदी असते, त्या वर्षीचे नियम आधी पाहा.

*

खेकडे साठलेल्या पाण्याच्या बादलीत ठेवले तर प्राणवायू संपून मरतात. ओलं गोणपाट, सावली, एवढं पुरतं. कालवण करायचं तर पोटातला पिवळा भाग काढून टाका. समुद्रातल्या विषारी शेवाळाचं विष तिथेच साठतं आणि शिजवून जात नाही. रस्सा आधी उकळून घ्या, तुकडे शेवटी टाका.