मदत हवी आहे: जुनी टू-डोअर घ्यायची आहे, कूपे की कन्व्हर्टिबल? बजेट १४ हजार डॉलर, न्यू जर्सी

नमस्कार मंडळी,

बरेच दिवस नुसता वाचतोय, आज पहिल्यांदाच धागा काढतोय. मुक्काम सेंट्रल जर्सी. लेक ऑगस्टमध्ये कॉलेजला गेली आणि बारा वर्षं पिळून वापरलेली मिनीव्हॅन एकदम मोठी दिसायला लागली. गणपती, मंडळाच्या नाटकाचा सेट, डझनभर घडीच्या खुर्च्या, लेकीचं अख्खं वसतिगृहाचं सामान, सगळं त्या व्हॅनने वाहिलं. आता घरात माणसं दोन. बायकोची गाडी आहे ती राहणार, आई सांगलीहून आली की तिच्यासाठी तीच. माझ्या वाट्याला मला दोन दारांची गाडी हवी आहे. जमलं तर छप्पर उघडणारी, म्हणजे कन्व्हर्टिबल; नाहीतर पक्क्या छपराची, म्हणजे कूपे.

मित्रांनी म्हातारचळ म्हणून झालंय, तेव्हा तेवढं सोडून बोला.

मला गाडी पळवायची नाही. आठवड्यातून तीन दिवस ऑफिस, जाऊन येऊन चव्वेचाळीस मैल, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गर्दी ओसरली की समुद्राकडे एखादी चक्कर. मुख्य अट आराम. बायकोच्या कमरेची एक चकती सरकलेली आहे, त्यामुळे जमिनीला टेकलेली आणि प्रत्येक खड्डा मणक्यापर्यंत पोचवणारी गाडी बाद. अनुभव असा, की कोणालाही "टू-डोअर" म्हटलं की तो लगेच शून्य ते साठ किती सेकंदात ते सांगायला लागतो. सीट कशी आहे ते कोणी सांगत नाही.

१४ हजार म्हणजे सगळं धरून. जर्सीचा ६.६२५ टक्के सेल्स टॅक्स त्यातूनच जाणार, आणि दीड हजार पहिल्या दुरुस्तीसाठी बाजूला. म्हणजे गाडीची किंमत साडेअकरा हजारांच्या आसपास.

आतापर्यंत डोक्यात तीन आहेत.

टोयोटा सोलारा कन्व्हर्टिबल, २००६ ते २००८ मधली. आतून कॅमरीच, ३.३ लिटरचं व्ही-६ इंजिन, कापडी छप्पर, मागे खरोखर माणसं बसतील अशी जागा. डोकं सांगतं हीच घे. पण सर्वांत नवी म्हटली तरी २००८ ची. टोयोटाचं इंजिन म्हातारं होत नाही हे मान्य, कापड आणि रबर होतं की.

दुसरी व्होल्वो सी-७०, २०११ ते २०१३. पोलादी छप्पर तीन तुकड्यांत घडी होऊन डिकीत जातं. टर्बो, पाच सिलिंडर. व्होल्वोच्या सीटबद्दल जे ऐकलंय त्यावर मी अर्धा विकला गेलोय.

तिसरी होंडा अकॉर्ड कूपे, २०१३ ते २०१७ वाली शेवटची पिढी. छप्पर उघडत नाही, संपला विषय. पण उरलेल्या सगळ्या परीक्षांत पहिली. व्ही-६ ला २७८ हॉर्सपॉवर आणि पेट्रोल साधं चालतं.

लेक्सस एससी-४३० चा मोह झाला होता. व्ही-८, आत लाकूड-चामडं, थाटच वेगळा. मागच्या सीटवर जेमतेम डबा आणि छत्री मावेल. सोडली.

आता गेल्या रविवारची गोष्ट. गाडीचं नाव सांगत नाही, या तिघींपैकी नव्हती. छप्पर उघडणारी, मैल कमी, फोटोत नवरीसारखी. माणूस सभ्य, ड्राइव्हवेत धुऊन पुसून ठेवलेली. दार उघडलं आणि आत लिंबाच्या सुगंधाचा असा भपकारा की डोळ्यांत पाणी. आरशाला तीन-तीन फ्रेशनर टांगलेले. मी मागच्या सीटखाली गालिच्यात बोटं खुपसली. वरून कोरडा, खालचा स्पंज ओला. बोटं नाकाशी नेली आणि थेट सांगलीत पोचलो. २०१९ च्या पुरानंतर चार महिन्यांनी घरी गेलो होतो, तेव्हा खालच्या खोलीतल्या कपाटातून हाच वास येत होता. सीटचा बोल्ट पाहिला, तो गंजलेला. माणूस म्हणाला, "खिडकी उघडी राहिली होती एकदा." बरं म्हटलं आणि निघालो. इथेही सप्टेंबर २०२१ मध्ये आयडा वादळात किती गाड्या बुडाल्या ते आपण पाहिलंय. टायटल, म्हणजे मालकीचा कागद, मात्र क्लीन होतं, बुडाल्याची नोंद नाही!

तर विचारायचंय ते असं. एवढ्या जुन्या गाडीत छप्पर उघडणारी घेणं शहाणपणाचं आहे का? कापडी बरं की पोलादी? आणि कमरेचा त्रास असलेलं कोणी यातल्या गाडीत दोन-तीन तास बसलं असेल तर कृपया लिहा, ते मला इंजिनापेक्षा महत्त्वाचं आहे.

प्रतिसाद – जुना खेळाडू

बोटं खुपसलीत हे उत्तम केलंत. पुढच्या वेळी स्पेअर व्हील उचलून त्याखालच्या खड्ड्यातही बघा, तिथे कोणी पुसत नाही.

छपराचं गणित सोपं आहे. कापडी छप्पर फाटतं, विटतं, मागची काच कापडापासून सुटते. हे सगळं दिसतं, आणि अपहोल्स्टरीवाला नवं कापड चढवून देतो. पोलादी छप्पर आत शांत असतं, हिवाळ्यात बरं, सुरीने कापून कोणी आत शिरत नाही. पण त्यात मोटर, हायड्रॉलिकच्या नळ्या, सेन्सर, लॅच. एक सेन्सर रुसला की छप्पर अर्ध्यावर हात वर करून उभं राहतं. आणि मॉडेल बंद झालेलं असलं की सुटा भाग शोधण्यात आयुष्य जातं. मला स्वतःला कापडी आवडतं. आवाज येतो, येऊ दे.

टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनाच्या आतले भाग एका तालात फिरवणारा पट्टा, विसरू नका. तुमच्या यादीतल्या सोलाराच्या व्ही-६ ला, सी-७० ला आणि अकॉर्डच्या व्ही-६ ला, तिघींनाही बेल्ट आहे, चेन नाही. सोलाराचा ९० हजार मैलांना, अकॉर्डचा लाखाच्या आसपास. विकणारा "बदललाय" म्हणाला की पावती मागा. पावती नाही म्हणजे बदललेला नाही. तुमचे दीड हजार त्यातच जातील असं धरून भाव करा. अकॉर्ड चार सिलिंडरची घेतलीत तर चेन मिळेल, पण ऑटोमॅटिकमध्ये सीव्हीटी, म्हणजे ठरावीक गिअर नसलेला पट्ट्यावरचा गिअरबॉक्स, येतो. कशाचं तरी काहीतरी.

आणि डीलरकडून घेतली म्हणजे कायदा पाठीशी आहे असं समजू नका. जर्सीचा वापरलेल्या गाड्यांचा लेमन लॉ, म्हणजे सदोष गाडी गळ्यात पडली तर ग्राहकाला वाचवणारा कायदा, सात मॉडेल वर्षांपेक्षा जुन्या किंवा लाखभर मैलांच्या पुढच्या गाडीला लागतच नाही. तुमच्या बजेटातल्या सगळ्या त्याच्या बाहेर. मग डीलरचे वरचे हजार-दीड हजार कशासाठी मोजायचे ते तुम्ही ठरवा. इन्स्पेक्शनचं स्टिकर ताजं आहे यालाही अर्थ नाही. जर्सीत खासगी गाड्यांचं ब्रेक-सस्पेन्शन २०१० पासून तपासतच नाहीत, फक्त धूर बघतात.

प्रतिसाद – टेक्सासवाला

मस्टँग कन्व्हर्टिबल राहिली की! २०१५ पासून मागचं सस्पेन्शन इंडिपेंडंट आहे, म्हणजे मागची दोन्ही चाकं आपापली वरखाली होतात, जुन्या मस्टँगसारखी मागून उडत नाही. व्ही-६ २०१७ पर्यंत मिळायची, साधं पेट्रोल, सुटे भाग गल्लोगल्ली. रेंटलला वापरलेल्या खूप असतात, तेवढं रेकॉर्ड बघून घ्या. तुमच्या भावात मैल जास्त मिळतील.

प्रतिसाद – कोथरूड

इथे कोणी छप्पर उघडलं तर धूळ आणि सल्ले दोन्ही फुकट मिळतात. वाचतोय. फोटो टाका.

प्रतिसाद – बॉस्टनजवळची

माझ्याकडे २०११ ची सी-७० आहे, सहावं वर्ष. माझीही कंबर तुमच्या मिसेससारखीच, त्यामुळे फक्त त्याबद्दल लिहिते.

सीट खरोखर चांगली आहे. मांडीखाली आधार आहे, पाठीला आहे, चार तास चालवून उतरले तरी सरळ उभी राहते. त्रास बसताना होतो. टू-डोअरची दारं लांब असतात. दुकानाबाहेर शेजारी गाडी लागली की दार एक वीत उघडतं, आणि त्या फटीतून अंग वळवून बाहेर यायचं म्हणजे नेमका कमरेलाच पीळ. मी कायम कडेची जागा धरते, मग चालायला लागलं तरी चालेल. आणि सीटबेल्ट मागे लांब असतो, तो ओढायला खांदा वळवावा लागतो. कुठलीही टू-डोअर बघायला जाल तेव्हा मिसेसना बसवून तो बेल्ट त्यांनाच ओढायला सांगा. तुम्ही ओढून देऊ नका!

छप्पर डिकीत गेलं की सामानाला उरते ती पोळीच्या डब्याएवढी जागा. घडी घातलेलं छप्पर वर उचलायला बटण आहे, खाली पिशव्या सरकवता येतात, पण सूटकेस विसरा. गराजमध्ये छप्पर उघडणार असाल तर वर छत किती आहे ते आधी बघा, तुकडे वर उठून मागे जातात. पेट्रोल प्रीमियम घालते.

प्रतिसाद – जुना खेळाडू

वरच्या ताईंचं बरोबर. अजून एक: टायरवरचे शेवटचे चार आकडे वाचा. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. कमी मैलांच्या हौसेच्या गाड्यांना नक्षी कोरी आणि रबर आठ वर्षांचं, असं हमखास सापडतं. कडक झालेल्या टायरवर कुठली गाडी आरामशीर वाटणार? आणि व्हिन (गाडीचा ओळख क्रमांक) टाकून एनएचटीएसए या अमेरिकी सरकारच्या रस्ते-सुरक्षा खात्याच्या साइटवर रिकॉल, म्हणजे कंपनीने दुरुस्तीसाठी परत बोलावल्याची नोंद, बघाच. टाकाटा कंपनीच्या सदोष एअरबॅगा या वयाच्या कित्येक गाड्यांत होत्या, बदललेली आहे की नाही ते तिथेच कळतं, पैसे लागत नाहीत.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन शनिवार सत्कारणी लागले, त्याचा वृत्तांत.

बॉस्टनच्या ताईंची सीटबेल्टची परीक्षा फारच उपयोगी पडली. आम्ही त्यात एक भर घातली. बायको बसताना आणि उठताना "आई गं" म्हणते का, ते मोजायचं.

मस्टँग: बसताना एक, उठताना दोन. दुसरं जरा मोठ्याने. टेक्सासवाले, क्षमस्व. गाडी मला आवडली होती.

अकॉर्ड कूपे, २०१५, व्ही-६: बसताना एक, उठताना शून्य. सीटबेल्ट ओढताना मात्र "हे काय रोज करायचं?" गाडी निर्दोष. टायमिंग बेल्टची पावतीसुद्धा होती. परत येताना दोघंही गप्प होतो. मग तीच म्हणाली, "छान आहे. पण मग व्हॅन काय वाईट होती?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

सोलारा, २००७, ८६ हजार मैल: एका निवृत्त शिक्षिकेची. गॅरेजात राहिलेली, कापड तीन वर्षांपूर्वी बदललेलं. गालिचा खालपर्यंत कोरडा, स्पेअरखालचा खड्डाही. टायर मात्र २०१७ चे निघाले, तुम्ही म्हणालात तसेच. बसताना "आई गं" शून्य, सीट थोडी उंच आहे म्हणून असेल. खड्ड्यावरून गेली की समोरची काच आणि डॅशबोर्ड किंचित थरथरतात, छप्पर कापून काढलेल्या गाडीचा तो स्वभावच असं वाचलंय. बाईंनी सांगितलं की टायमिंग बेल्ट बदललेला नाही. न विचारता सांगितलं. छप्पर उघडून आम्ही चाळीस मिनिटं फिरलो. बायकोने सीट मागे केली, ओढणी डोक्याला बांधली आणि पाचव्या मिनिटाला झोपली. कमरेला इतकी विश्रांती मला गेल्या वर्षभरात आठवत नाही.

सी-७० बघायची राहिली, जवळपास चांगली सापडली नाही.

सोलाराला बाई ९ हजार म्हणतात. टायर आणि बेल्ट दाखवून मी ८ म्हणालो, साडेआठवर थांबल्यात. शनिवारी सकाळी बाहेरच्या मेकॅनिककडे तपासणीला न्यायची, बाईंची ना नाही. बेल्टबरोबर वॉटर पंपही बदलून घ्यावा का? आणि छपरासाठी मेकॅनिकला नेमकं काय बघायला सांगू?

प्रतिसाद – जुना खेळाडू

पंप घ्याच, खोलायची मजुरी एकदाच लागते. छप्पर मेकॅनिकवर सोडू नका, स्वतः बघा. गाडी रात्रभर थंड झालेली असताना तीन वेळा उघडा-मिटा. तिन्ही वेळा तोच वेग आणि तोच आवाज हवा. मग मिटवून बादलीभर पाणी ओता, काचेच्या वरच्या कोपऱ्यांवर जास्त, आणि दहा मिनिटं आत बसा. साडेआठला टायर घालून द्या म्हणावं, नाहीतर सव्वाआठ.

धागाकर्ता

बादली घेऊन जातो. बायको विचारतेय, आत बसायला ती चालेल का?